बारातीच्या बसमधला बाप

११ जानेवारी, रविवार

आजपासून दैनंदिनी लिहायची. घरात आम्ही दखनी बोलतो, दुकानात गिऱ्हाईक बघून बोलतो. पण माझं लेखन मराठीत आहे, तेव्हा हेही मराठीतच. पुढेमागे माझ्यावर काम करणाऱ्या अभ्यासकांना भाषांतराचा ताप नको.

अभ्यासकांसाठी थोडक्यात. मी जलील, राहणार लातूर, गोलाईच्या बाजारपेठेजवळ चष्म्याचं दुकान. 'काळ्या मातीचा कोरडा आकांत' ही कादंबरी अकरा वर्षं लिहितो आहे. पहिलं प्रकरण टाइप करून नांदेडचे प्रकाशक आदिनाथराव यांना दोन वर्षांमागे पाठवलं. उत्तर नाही. हाती मोठं काही लागलं की मोठा माणूस घाई करत नाही, हे मी ओळखून आहे. पुढची प्रकरणं टाइप झाली नाहीत, कारण टायपिंगवाल्याने हात जोडले. म्हणाला, "चाचा, ही मराठी हाय का मोडी?" काचा कापणाराही माझी चिठ्ठी वाचून रोज फोन करतो, "जलीलभाई, हा तीन हाय का आठ?" थोरांची अक्षरं अशीच असतात.

बायको बानो. औशाच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीपर्यंत शिकली. माझं एक पान तिने आजवर वाचलेलं नाही. आपल्या घरात कोण राहतं, हे घरच्यांना शेवटी कळतं.

आता बातमी. आमच्या एकुलत्या एक सदफचं लग्न ठरलं. मुलगा अम्मार, नांदेडचा, बँकेत आहे. निकाह आठ फेब्रुवारीला, रमजानच्या आधी, इथे लातुरात, असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजानंतर लगेच. त्याचे बडे अब्बा, म्हणजे थोरले काका, रेल्वेतून रिटायर झालेले. आज मंगनीत चहा जरा उशिरा आला तर त्यांनी उठून बूट घातले होते! बानोने कसंबसं बसवलं. "ज्या घरात वेळ पाळत न्हाईत तिथं आम्ही सोयरीक करत न्हाई," असं ते म्हणाले, तेव्हा बानो माझ्याकडे का बघत होती कोण जाणे. गेल्या वर्षी औशाची सोयरीक मोडली ती मी कवी संमेलनातून मंगनीला उशिरा पोचलो म्हणून, असं ती सगळ्यांना सांगते. कोत्या मनाची माणसं होती ती. दोन तास म्हणजे काय उशीर झाला?

संध्याकाळी सदफ म्हणाली, "अब्बा, माझी रुखसती तुम्हीच लिहायची."

आमच्यात नवऱ्यासाठी सेहरा आणि सासरी निघणाऱ्या नवरीसाठी रुखसती वाचतात. चार ओळींचं काव्य असतं, बायका रडतात, फोटो निघतात. मी म्हणालो, "बेटा, मी कादंबरीकार आहे. लग्नातला शायर न्हाई."

ती हसली. मग हसायची थांबली.

१७ जानेवारी, शनिवार

झालं! ज्याची वाट बघत होतो ते झालं.

शेषेराव सरांचा फोन. हे माझे जुने मित्र, चाकूरचे, आता नांदेडला संमेलनं भरवतात. म्हणाले, "जलीलभाई, आठ तारखेला नांदेडला साहित्य संमेलन हाय. तुम्ही यायलाच पाहिजे बघा. तुमच्याशिवाय भागत न्हाई."

मी विचारलं, "माझी भूमिका काय?"

"तुमची तर खास जागा हाय. मांडवाच्या तोंडाशीच. येताना तो अक्षरांचा तक्ता आन् लेन्सची पेटी तेवढी घेऊन या. लई म्हातारे लेखक येऊन राहिलेत."

तक्ता आणि पेटी! परिसंवादाचं नाव 'साहित्यिकाची दृष्टी' असणार आणि अध्यक्ष मी. प्रतीकं म्हणून टेबलावर तक्ता, पेटी. शेषेराव संकोची माणूस, फोनवर सरळ अध्यक्षपद कसं सांगणार? शेवटी हळूच म्हणाले, "आदिनाथरावबी येतेत. त्यांनी तर आवर्जून विचारलं, चष्मेवाले येतेत का म्हणून."

दोन वर्षांनी उत्तर आलं म्हणायचं.

फोन ठेवल्यावर आठवलं, आठ तारखेला निकाह आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार

घरात सांगितलेलं नाही. लेखकाने योग्य वेळ बघून बोलावं.

दुसरी चिंता मोठी आहे. कादंबरीची पानं लोखंडी पेटीत असतात. आज चौदावं प्रकरण उघडलं तर पानं वरखाली, आणि एका कोपऱ्याला हळदीचा डाग. उंदराला हळद कुठून लागणार? कुणीतरी माझी कादंबरी वाचून चोरतं आहे. वाङ्मयचौर्य! शेषेराव दिवाळीत फराळाला आले होते आणि हात न धुता पेटीजवळ बसले होते, एवढं इथे नोंदवून ठेवतो. पेटीला कुलूप लावलं. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला, घरच्या सगळ्या किल्ल्यांबरोबर.

लेखन जोरात आहे. माझी नायिका गौरम्मा आधी विहिरीच्या काठावरून माघारी फिरायची आणि बाप नागप्पाकडे घरी जायची. काल तिला विहिरीत ढकलली. मोठ्या साहित्याला मरण लागतं. आदिनाथराव हेरतील.

२६ जानेवारी, सोमवार

बानो कालपासून बोलत नाही. आमटीत मीठ मुठीने. भांडी आदळून राहिली आहे. काय झालं विचारलं तर म्हणते, "एवढा दगडाच्या काळजाचा माणूस मी बघितला न्हाई."

संमेलनाचं कुणी सांगितलं तिला? पण तिला ते माहीत दिसत नाही. लग्नाच्या घरात बायकांचं असं होतंच.

३० जानेवारी, शुक्रवार

आज सांगून टाकलं. पहाटेच्या एसटीने जायचं, दहा वाजता संमेलन, साडेअकराच्या बसने परत, तीनच्या आत लातूर. असर पाचला. हिशेब सरळ आहे.

बानो हातातलं सोडून उभी राहिली. "लेकीच्या निकाहच्या दिवशी बाप गावात न्हाई? त्या बडे अब्बांना कळलं तर बारात अर्ध्या वाटेवरून माघारी जाईल. औशाचं मोडलं तेव्हा पोरगी महिनाभर दाराबाहेर पडली न्हाई. तुम्हाला ठावं तरी हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. मी त्या वेळी अकरावं प्रकरण लिहीत होतो.

मी म्हणालो, "बानो, अकरा वर्षांनी दार उघडतंय."

ती म्हणाली, "आड आपला आन् दोर शेजाऱ्याचा, अशी गत हाय तुमची. घरात पाणी हाय, तुम्ही दोर मागत नांदेडला चाललात."

अभ्यासकांनी नोंद घ्यावी: 'आड आपला, दोर शेजाऱ्याचा' हे वाक्य नवव्या प्रकरणात गौरम्माच्या तोंडी आहे. माझ्या पेनातून उतरलेलं मला वाटलं होतं. लोकभाषा आणि माझी शैली किती एकरूप झाली आहे पाहा! अंगावर काटा आला. बानोला सांगणार होतो, पण ती रडत होती.

४ फेब्रुवारी, बुधवार

अध्यक्षीय भाषण तयार. रुखसती नाही. तीनदा बसलो. 'जा मुली जा' असं काहीतरी येतं आणि माझीच मला लाज वाटते.

सदफ दुकानात आली. तक्त्यासमोरच्या खुर्चीत बसली. लहानपणी शाळेतून येऊन तिथेच बसायची आणि विचारायची, अब्बा, आज किती डोळे बघितले?

"अम्मी सगळं बोलली," ती म्हणाली. "जा तुम्ही. मी अडवत न्हाई. पण वकील माझा होकार घ्यायला आत येतील ना, तेव्हा तुम्ही समोर नसाल तर मी हाव म्हणणार न्हाई. मग बडे अब्बांना बूट घालू द्या न्हाईतर काही करू द्या."

"असं काय करतेस? वेळेत येतो मी."

"तुम्ही कधी वेळेत आलात, अब्बा?"

रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

अंगणात मंडप उभा राहिला. बायका मेंदी लावून राहिल्यात. सगळे मला बघून बोलायचे थांबतात. माझी पिशवी भरली आहे: तक्ता, लेन्सची पेटी, भाषण, आणि खिशात कादंबरीचं पहिलं टाइप केलेलं पान. कुणी आग्रहच केला तर असावं म्हणून.

जाऊ नये असं वाटतं. नाही गेलो तर उरलेला जन्म वाटत राहील की जायला पाहिजे होतं.

जातो. आदिनाथरावांना भेटतो आणि पळत येतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

सगळं क्रमाने लिहितो.

नांदेडला साडेनऊला पोचलो. मांडवाच्या तोंडाशी, शेषेराव म्हणाले होते तशी, माझी खास जागा होती. टेबल, दोन खुर्च्या आणि मागे कापडी फलक: 'ज्येष्ठ साहित्यिकांसाठी मोफत नेत्र तपासणी'. लेखक मंडळी रांगेत बसलेली.

मी शेषेरावांना म्हणालो, "आणि परिसंवाद?"

"कोणता?" ते म्हणाले. "आधी ह्यांचे डोळे बघा, लई ताटकळलेत."

इथे मी निघून यायला पाहिजे होतं. आलो नाही. पहिला म्हातारा खुर्चीत बसलाच होता, डोळ्यांना धार लागलेली. तपासले. मग दुसरा. समोर माणूस बसला की माझा हात आपोआप चालतो. भाषण पिशवीत होतं. अपमान झाला आहे हे मला दहाव्या डोळ्याला कळलं.

अकराच्या सुमाराला स्वतः आदिनाथराव येऊन बसले. त्यांचा चष्मा रेल्वेत राहिला होता आणि तासाभरात भाषण वाचायचं होतं. नंबर काढला. जवळचा, अगदी माझ्याइतकाच. मी माझाच चष्मा काढून त्यांच्या नाकावर ठेवला आणि वाचायला काहीतरी द्यायचं म्हणून खिशातलं पान दिलं.

त्यांनी ते मोठ्याने वाचलं. माझी गौरम्मा, माझा नागप्पा, नांदेडच्या मांडवात, आदिनाथरावांच्या आवाजात! पान संपलं.

"वा," ते म्हणाले. "एक अक्षर हलत न्हाई. लई स्वच्छ."

"तुम्हाला दोन वर्षांमागे पाठवलं होतं हे."

"असेल. गठ्ठे पडलेत घरी. जुन्या चष्म्यातून दिसत नव्हतं तर वाचणार कसं?" मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "असं करा ना, जेवण झाल्यावर दोघं निवांत बसू. वाचून दाखवा मला पुढचं."

अभ्यासकहो, हेच ते वाक्य. ह्याची मी अकरा वर्षं वाट बघितली. आणि तेव्हाच खिशात फोन वाजला.

"अब्बा, निघालात का?" सदफ.

"निघालो," मी म्हणालो. बसलेलाच होतो.

फोनमध्ये मागे बायकांची गाणी ऐकू येत होती. तिने फोन ठेवला नाही, नुसती थांबून राहिली. मला ती तक्त्यासमोरच्या खुर्चीत दिसली.

मी उठलो. तक्ता गुंडाळला. रांगेतले म्हातारे ओरडायला लागले, "अहो, आमचे डोळे?" शेषेराव मागे धावले, "जलीलभाई, अजून लई लोक बसलेत!" मी म्हणालो, "शेषेराव, माझी पोरगी बसलीय." आणि सुटलो.

एसटी स्टँडवर साडेअकराची गाडी गेलेली. पुढचीत उभं राहायला जागा नाही, मी दारातच लोंबकळलो तर कंडक्टरने खाली उतरवलं. रिक्षा करून लातूर रस्त्यावर आलो आणि दिसेल त्या गाडीला हात करू लागलो. ट्रक थांबेनात. जीपवाल्याने नुसता हॉर्न दिला. बारा वाजून गेलेले.

एक बस आली. समोरच्या काचेवर झेंडूचा हार आणि कागद: अम्मार – सदफ.

माझ्या लेकीची बारात माझ्या डोळ्यांदेखत निघाली होती आणि मी रस्त्यावर. पहिल्यांदा रसवंतीच्या आडोशाला लपलो, हे लिहायला लाज वाटते. मग म्हटलं, लपलो तर लेकीला हाव कोण म्हणायला लावणार? रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर केले.

दार उघडलं. पहिल्याच सीटवर बडे अब्बा.

"समधीसाहेब? तुम्ही इथं?"

तोंडाला येईल ते बोललो. "आमच्यात... आमच्या घराण्यात लेकीचा बाप शिवेवर थांबत न्हाई. बारातीच्या दारापर्यंत जातो."

त्यांचे डोळे बारीक झाले. "पिशवीत काय हाय? लेन्सची पेटी?" आणि त्यांनी सरळ खिशातून फोन काढून आमच्या घरी लावला, स्पीकरवर. "भाभी, समधीसाहेब कुठं हायेत?"

मी दांडा घट्ट धरला. संपलं होतं.

बानोने श्वास घ्यायलाही वेळ लावला नाही. "अजी, तुम्हालाच आणायला गेले ना! आमच्यात लेकीचा बाप शिवेवर थांबत न्हाई, बारातीच्या दारापर्यंत जातो. पोचले न्हाईत का अजून?"

बडे अब्बांनी फोन ठेवला. उठले. मला वाटलं, आता बूट. पण त्यांनी मला मिठी मारली, आपली खिडकीची जागा दिली आणि मागे वळून सगळ्या बसला सांगितलं, "बघा, ह्याला म्हणतात खानदान!"

लोहा गाव मागे पडेपर्यंत मी नुसता घाम पुसत होतो. मग लक्षात आलं की हे वाक्य माझंच आहे. चौदाव्या प्रकरणात नागप्पा म्हणतो. मला सुचलं ते ठीक, पण बानोला तेच कसं सुचलं? शब्दाला शब्द! म्हणजे ही जुनी म्हण असणार आणि मी ती नकळत उचलली असणार. अहमदपूरपर्यंत ह्या विचाराने मला फार वाईट वाटलं.

तिथून पुढे नंबर लिहायच्या चिठ्ठ्यांच्या मागे रुखसती लिहिली. बस उडत होती, जवळचं दिसत नव्हतं, पण लिहीत गेलो. चाकूर गेलं तेही कळलं नाही.

असरच्या आधी पोचलो. वकील, गवाह आत गेले, मी दारात उभा राहिलो. सदफने ओढणीआडून आधी माझ्याकडे बघितलं आणि मग हाव म्हणाली.

निकाह झाला. खजूर वाटले. रुखसतीसाठी मला माईक दिला. मी चिठ्ठी समोर धरली तर नुसत्या मुंग्या! खिशात हात घातला. चष्मा आदिनाथरावांच्या नाकावर, नांदेडला. चष्म्याचं दुकान असलेला माणूस, आणि लेकीच्या लग्नात आंधळा. कुणीतरी हसलं. एका मेहुण्याने चिठ्ठी घेतली, उलटी धरली, सुलटी धरली, परत दिली. "हे काय लिहिलंय?" बडे अब्बा घड्याळ बघायला लागले.

बायकांच्या बाजूने बानो आली. "द्या इकडं," म्हणाली आणि वाचायला लागली.

उंबऱ्यापाशी उद्या तुझ्या चपला नसतील,
अडखळून मी कुणावर ओरडणार नाही.
दुकानातून येईन तर कुणी विचारणार नाही,
अब्बा, आज किती डोळे बघितले?
गावाचे सगळे बघितले, बेटा.
तुझे तेवढे बघायचे राहिले.

कुठे अडखळली नाही. खोडलेलं वगळून, बाणाने वर नेलेलं वरच वाचून, सरळ शेवटपर्यंत. सदफ उठून आली आणि माझ्या गळ्यात पडली. मीही रडलो, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन. बडे अब्बा रुमालाने चष्मा पुसत होते.

एवढं मात्र धंद्याची सवय म्हणून दिसलं: बानोने कागद हात लांब करून धरला होता. नंबर आलाय तिला. कधीचा आलाय, मला माहीत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

शेषेरावांचा फोन. रागावलेले नाहीत. आदिनाथरावांनी भाषण झकास वाचलं म्हणे. "चष्मा लई मानवला त्यांना. परत पाठवू का?" मी म्हणालो, राहू द्या. कादंबरीबद्दल काही म्हणाले का, हे विचारायचं होतं. विचारलंच, न विचारता राहणार आहे का मी? काही म्हणाले नाहीत म्हणे.

घर खायला उठतं. दाराशी माझ्या चपलांशेजारी एकच जोड, तोही बानोचा. ती स्वयंपाकघरात आणि मी पेटीजवळ, आणि मधे कुणी बोलायला नाही.

टायपिंगवाल्याला माझं अक्षर लागत नाही. काचवाल्याला लागत नाही. मेहुणा पदवीधर, त्याला लागलं नाही. बानोला कसं लागलं?

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी बानोला दुकानात नेलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती त्या खुर्चीत पहिल्यांदा बसली.

"मला कशाला चष्मा? मी काय वाचते?"

"तांदूळ निवडायला," मी म्हणालो.

लेन्स बसवली. वाचायला म्हणून तक्ता दिला नाही. पिशवीतून शेवटच्या प्रकरणाचं पान काढून तिच्या हातात दिलं. माझ्याच अक्षरातलं.

ती वाचायला लागली. हळू आवाजात, भराभर, पाढे म्हणावेत तशी. गौरम्मा विहिरीपाशी आली तशी थांबली. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे मी वाचणार न्हाई," ती म्हणाली. "आधी ती माघारी फिरत होती."

गोलाईवरून तुरीच्या गाड्या जात होत्या. मी बराच वेळ लेन्सची पेटी लावत बसलो. सगळ्या लेन्स जागच्या जागी होत्या.

मग मला राग आला. अकरा वर्षं! म्हणालो, "तुला काय कळतं शोकांतिकेतलं? मोठ्या साहित्याला मरण लागतं."

"मरण लागतं तर नागप्पाला मारा. म्हातारा झालाय. पोरीला का मारता? तिनं काय केलं?"

"तिला जगून करायचं काय?"

"घरी जायचं. बाप दारात उभा हाय की तिचा. तुम्हीच लिवलंय, तेराव्यात."

लिहिलं होतं. मी विसरलो होतो. आम्ही दुकानात उभं राहून भांडलो, दोन गिऱ्हाइकं दारातून परत गेली. माझ्या कादंबरीवर झालेली ही पहिली चर्चा. त्यात मी हरलो.

घरी आल्यावर गौरम्मा माघारी फिरते ते जुनं पान शोधायला पेटी उघडली. मला सापडेना. बानोने न बघता हात घातला आणि काढून दिलं.